भावाचा बिल्ला, पुलाचे मत

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झाले. बाजूने १८६ मते पडली, विरोधात १. ते एक मत शरद जोशींचे. त्या सभागृहात स्वतंत्र भारत पक्षाचे ते एकटेच सदस्य होते. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायकांचे प्रचंड अधिवेशन भरवणारा आणि पुढे नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करून द्यायला लावणारा हाच माणूस, हे ज्यांना आठवत होते ते गोंधळले. ज्यांना आठवत नव्हते त्यांनी जोशींना सरळ स्त्रीविरोधकांत जमा केले. मला मात्र या पक्षाचा विचार करताना सुरुवात या मतापासूनच करावीशी वाटते. पक्षाचे बळ आणि त्याची उणीव, दोन्ही त्यात आहेत.

पक्ष स्थापन झाला १९९४ साली. नावातच राजाजी आणि मिनू मसानींच्या स्वतंत्र पक्षाची आठवण होती. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनातील सहकारी शेतीच्या ठरावाला विरोध म्हणून १९५९ मध्ये निघालेला तो पक्ष १९६७ च्या लोकसभेत ४४ जागांपर्यंत गेला आणि १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विरून गेला. महाराष्ट्रात त्याला कधी मूळ धरता आले नाही. इथे तो संस्थानिक आणि कारखानदारांचा पक्ष म्हणूनच ओळखला गेला. सरकारने माणसाच्या मध्ये येऊ नये, ही गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडून वदवणारा पहिला पक्ष जोशींचा. हे यश लहान नाही. निवडणुकीचा हिशेब मात्र लहानच राहिला. २००४ च्या विधानसभेत पक्षाला एक जागा मिळाली, राजुऱ्याची.

असे का झाले, याची दोन उत्तरे तयार असतात. डावे म्हणतात, खुल्या बाजाराचा विचार गरिबाच्या पचनी पडणारच नव्हता. अनुयायी म्हणतात, लोकांना मोफत वाटपाची सवय लागली होती. दोन्ही उत्तरे मतदाराला दोष देऊन मोकळी होतात. माझा अनुभव वेगळा आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे. नऊ एकर कोरडवाहू. बाबांच्या छातीवर संघटनेचा लाल बिल्ला कायम असे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. पिकवणाऱ्याने कापूस सरकारी योजनेलाच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. नदीपलीकडे आदिलाबादला भाव चढला की आपलाच कापूस रात्री चोरासारखा न्यावा लागे. आपला माल आपल्याला विकता येत नाही, हे समजायला बाबांना कुठल्याही पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती. आणि तरी मतदानाच्या दिवशी ते दुसऱ्याच चिन्हावर शिक्का मारून येत. मी कॉलेजात असताना एकदा तावातावाने जाब विचारला. ते म्हणाले, ‘‘भावासाठी जोशीसाहेब हायेत. पन नाल्यावरचा पूल कोन बांधून देईन?’’

त्या वेळी मला हे भोळेपण वाटले होते. आता वाटते, बाबांनी पक्षाच्या मांडणीतली फट नेमकी हेरली होती. ‘रास्त भाव’ या मागणीत दोन अर्थ होते. जोशींच्या लेखनातला अर्थ असा की सरकार निर्यातबंदी, लेव्ही, एकाधिकार अशा उपायांनी भाव पाडते. शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी. सरकारने हात काढला की भाव आपोआप रास्त होईल. मोर्चातल्या माणसाने ऐकलेला अर्थ असा की उत्पादन खर्चावर आधारित भाव सरकारने द्यावा. एक अर्थ सरकारला घालवणारा, दुसरा बोलावणारा. आंदोलनात दोन्ही एकाच घोषणेखाली सुखाने नांदले. पक्ष काढल्यावर त्यांतला एक निवडणे भाग पडले आणि जोशींनी प्रामाणिकपणे अवघड तो निवडला.

या प्रामाणिकपणाची एक गंमत जाता जाता सांगतो. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यातील तरतुदीनुसार नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. म्हणजे समाजवादाला विरोध करण्यासाठी निघालेल्या पक्षाचा जन्मच खोट्या प्रतिज्ञेने. राज्यसभेत गेल्यावर जोशींनी ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक आणले. अट अजून आहे.

‘स्वातंत्र्य का नासले?’ आणि ‘खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने’ ही पुस्तके सलग वाचताना एक गोष्ट खटकते. जोशींचा विचार व्यक्तीचा आहे, बोली मात्र भाऊबंदांची. भाषणाची हाक ‘माझ्या शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो’ अशी. इंडिया विरुद्ध भारत ही त्यांची गाजलेली विभागणीही दोन समूहांची. उदारमतवादाला अभिप्रेत असलेला एकटा माणूस, जातीपासून, भावकीपासून, प्रसंगी नवऱ्यापासूनही वेगळा काढता येणारा, या गद्यात क्वचित भेटतो. स्वातंत्र्याचा शत्रू दिल्लीत आणि मुंबईत सापडतो. घरातला शत्रू एकाच ठिकाणी नीट पकडला गेला, तो लक्ष्मीमुक्तीत.

१९८९-९० च्या सुमारास सुरू झालेला हा कार्यक्रम मराठी राजकारणातले एक विलक्षण प्रकरण आहे. पुरुषाने आपल्या जमिनीचा हिस्सा राजीखुशीने बायकोच्या नावे करायचा. निदान शंभर घरांनी तसे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त, आणि तिथल्या समारंभाला जोशी स्वतः जाणार. कायदा नाही, अनुदान नाही, सक्ती नाही. स्वातंत्र्याचा पाया मालमत्तेत असतो हे उदारमतवादाचे जुने सूत्र इतक्या साध्या रीतीने सातबाऱ्यावर उतरलेले मला दुसरीकडे दिसले नाही.

पण त्याची मांडणी पाहा. घरच्या लक्ष्मीच्या ऋणातून पुरुषाने मोकळे व्हायचे, म्हणजे मुक्ती पुरुषाची. नावे चढली त्यात पटवून घेण्याचा वाटा होता, तसा साहेबांवरच्या श्रद्धेचाही. साहेब गावात येणार म्हणून शंभरचा आकडा गाठण्याची धावपळ होई. हक्क म्हणून नव्हे, दान म्हणून आलेले हे स्वातंत्र्य. साहेब यायचे थांबले की दान थांबणार, हे ओघानेच आले. पक्ष निघाला तेव्हा या प्रयोगाचे राजकारण करण्याची वेळ होती; वारसा, वाटणी, बाईच्या सहीशिवाय विकले जाणारे शेत हे प्रश्न निवडणुकीच्या फडात आणता आले असते. पक्षाची ओळख मात्र खुल्या बाजारापाशीच थांबली.

म्हणून ते २०१० चे मत. जोशींचा आक्षेप आरक्षित मतदारसंघ फिरते ठेवण्यावर होता. एकदा निवडून आलेल्या बाईला पुढच्या वेळी तोच मतदारसंघ आरक्षित मिळणार नाही, मग ती तो जोपासणार कशी, हा प्रश्न रास्तच होता. तीन मतदारसंघ एकत्र करून त्यांतली एक जागा स्त्रीला द्यावी, असा त्यांचा पर्याय होता. १८६ जणांविरुद्ध एकट्याने उभे राहण्याचे धैर्य मी कमी लेखत नाही. पण आक्षेप यंत्रणेवरचा होता आणि पर्यायही यंत्रणेचाच. हजारो घरांत सातबाऱ्यावर नाव चढल्यावर बायकांचे काय झाले, त्यांनी काय ठरवले, कुणाशी भांडल्या, हे सांगण्याचा अधिकार त्या सभागृहात फक्त या एका सदस्याला होता. त्या विरोधाला वजन आले असते ते या साक्षीने. ती पक्षाने कधी गोळाच केली नव्हती.

आमच्या घरची साक्ष माझ्याकडे आहे. बाबांनी दोन वर्षे टाळाटाळ केली आणि शेवटी आईच्या नावे दोन एकर केले, तेही बरडाचे. पहिल्याच मृगात आईने त्या दोन एकरांत कापूस लावायला नकार दिला. तूर पेरली, कडेने बरबटी. बाबा महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. बिल्ला तेवढा रोज सकाळी सदऱ्याला लावत राहिले.