माउंट ठेवायचा की मिररलेस व्हायचं? आधी तो 'की' तपासा

शिरूर अनंतपाळला लग्नसराईत कुणा फोटोग्राफरशी गप्पा मारा, एक काळजी हमखास कानावर येईल: सगळं मिररलेस झालं, आता माझ्या जुन्या लेन्सचं काय? याच काळजीचा मोठा प्रश्न करून विचारतात, की कंपनीने जुना माउंट सांभाळावा की मिररलेस व्हावं? संशोधनाच्या तयारीत असाल तर उत्तराआधी हा प्रश्नच तपासून बघा. माझ्या मते तो चुकीचा मांडलाय.

माउंट म्हणजे लेन्स अडकवायची कडी. कडीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. डीएसएलआरमध्ये मधे आरसा हलतो, म्हणून ते जास्त लागतं. निकॉनच्या 1959 च्या एफ माउंटमध्ये ते 46.5 मिमी आहे, 2018 च्या झेड माउंटमध्ये फक्त 16 मिमी.

मग आरसा काढला की माउंट बदलावाच लागतो का? नाही. 2012 मध्ये पेंटॅक्सने के-01 हा मिररलेस कॅमेरा जुन्याच के माउंटवर काढला. लेन्स थेट बसल्या, पण आरशाची रिकामी जागा तशीच राहिली आणि कॅमेरा जाडच झाला. उलट कॅनॉनने 1987 मध्ये एफडी माउंट सोडून ईएफ आणला, तेव्हा आरसा जागेवरच होता! म्हणजे आरसा आणि माउंट ही दोन वेगळी चलं आहेत. आपण ती एका 'की'ने बांधून टाकली.

खरा प्रश्न वेगळा आहे: बदलाचा भार कुणावर पडतो? एफडीचं अंतर 42 मिमी होतं, ईएफचं 44. नवं अंतर वाढलं, त्यामुळे मधे काच नसलेली साधी रिंग लावून जुन्या लेन्सने दूरचं दृश्य फोकस होईना. निकॉनच्या बाबतीत अंतर 30.5 मिमीने घटलं, म्हणून तेवढ्या जागेत अडॅप्टर मावला. तरी ज्या जुन्या लेन्स फोकससाठी कॅमेऱ्यातल्या मोटरवर अवलंबून होत्या, त्यांना एफटीझेड अडॅप्टरवर हातानेच फोकस करावा लागतो. वरमाला पडण्याच्या क्षणी हा फरक किती महाग पडतो, ते फोटोग्राफरलाच विचारा.

आपल्या लातूरकडे हा धडा जुना आहे. बार्शी लाइट रेल्वेचा रूळ 762 मिमीचा, मुख्य मार्गाचा 1676 मिमीचा. कुर्डुवाडीला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. तिथला अडॅप्टर म्हणजे हमालाची पाठ. पुढे लातूरची लाइन ब्रॉडगेज झाली, तेव्हा कुठे ती चढउतार संपली.

म्हणून माझं मत: कंपनीने माउंट बदलावा, पण जुन्या लेन्सचं कोणतं काम बंद पडणार, हे आधी स्पष्ट सांगावं.

आणि तुमच्यासाठी गृहपाठ. सिनॉप्सिसमध्ये 'हे की ते' असा प्रश्न असेल, तर कागदावर चार चौकोन काढा: आरसा आहे, नाही, माउंट जुना, नवा. निकॉन डी850, कॅनॉन 1987, पेंटॅक्स के-01, निकॉन झेड. इथे चारही चौकोन भरले ना? मग तो 'की' खोटा होता. गाइडने विचारायच्या आधी आपणच शोधलेला बरा.