खोलण्याआधीचा सेल्फ

जुन्या डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ रुसला की दोन प्रकारचे मिस्त्री भेटतात. पहिला आल्या आल्या पाना लावतो आणि सेल्फ खाली उतरवतो. दुसरा म्हणतो, ‘‘आधी हेडलाइट लावा.’’ रसिकाने या दुसऱ्याच्या शेजारी उभं राहावं.

उदाहरणाला बी-२७५ घेऊ. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीत कंपनी काढली, आणि कांदिवलीत बनू लागलेला हा ट्रॅक्टर आपल्याकडच्या शेतांत रुळला. चार सिलिंडर, पस्तीसेक हॉर्सपॉवर. तर हेडलाइट लागतात, किल्ली फिरते. दिवे पार विझले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलने पकड सोडली आहे. दिवे मान टाकतात पण विझत नाहीत, आणि इंजिन हलत नाही, तर करंट भरपूर जातोय आणि अडलंय ते कुठेतरी यंत्रातच. दिव्यांना काहीच फरक पडला नाही, तर करंट मोटरपर्यंत पोचलेलाच नाही. एकाही बोल्टला हात न लावता रोग एका कोपऱ्यात कोंडला जातो. ही काटकसर मला फार आवडते.

मग आवाज. ‘कट-कट-कट’ आणि एकच दणदणीत ‘कट्’ यांतला फरक ऐकायचा, तर सोलेनॉइडच्या पोटात काय चालतं ते कळायला हवं. त्यात दोन कॉइल असतात. एक जोरकस, प्लंजर ओढणारी. दुसरी नाजूक, ओढलेला प्लंजर धरून ठेवणारी. किल्ली फिरताच दोघी मिळून पिनियनला फ्लायव्हीलच्या रिंगकडे ढकलतात, आणि दात दातांत बसत आले की तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर टेकून मोटरचा रस्ता उघडते. आधी दात, मग ताकद. आता यातली बारीक गंमत पाहा. जोरकस कॉइलचं अर्थिंग मोटरमधूनच गेलेलं असतं. चकती टेकली की या कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि ती आपोआप बाजूला होते. घाट चढून झाल्यावर जादा जुंपलेली बैलजोडी सोडून द्यावी, तसं. फक्त इथे सोडणारा कुणी लागत नाही. आता धरून ठेवणारी कॉइल तुटलेली असेल किंवा बॅटरी लुळी असेल, तर प्लंजर टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो: कट-कट-कट. प्लंजर नीट बसला पण बोल्टांची तोंडं जळलेली असली, तर एकच ‘कट्’ आणि शांतता. चांगला मिस्त्री असे बोल्ट फेकत नाही. अर्धा फेरा फिरवून न जळलेली बाजू पुढे घेतो, चकतीही उलटी करतो. वीस मिनिटांचं काम, पण त्यात अक्कल आहे.

तरीही इंजिन आळसावल्यासारखं फिरतंय? इथे मीटर निघतो, आणि तो कुठे टेकवला जातो यावरून माणूस कळतो. कच्चा हात बॅटरीवर १२.६ व्होल्ट पाहून खूश होतो. पण ते आरामातले व्होल्ट. पक्का हात एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्यावरच आवळलेल्या क्लॅम्पवर ठेवतो आणि सेल्फ मारायला सांगतो. दोघांत एका केसाचं अंतर; मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. तिथे अर्धा व्होल्ट दिसला की चोर सापडला. सेल्फ तीनशे अँपिअर ओढत असेल, तर एका ओहमच्या पाचशेव्या भागाइतका अडथळासुद्धा ०.६ व्होल्ट गिळतो. इतका छोटा अडथळा मीटरच्या ओहमच्या खुणेवर दिसायचा नाही; तो फक्त ओझ्याखाली बोलतो. काही जण मीटरही काढत नाहीत. सेल्फ मारून झाला की बोटांनी जोड चाचपत जातात. जो जोड गरम, तो गुन्हेगार. इंजिन बोअर करून आणल्यावर तर हात थेट अर्थच्या पट्टीकडे जातो, कारण ओव्हरहॉलनंतर मारलेला झकास रंग त्या पट्टीखालीही बसलेला असतो. चकाकत्या रंगाखालचा हा रोग ओळखणारा माणूस मला कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा थोर वाटतो.

‘घर्र’ असा दात खरवडल्याचा आवाज कधी येतो, कधी येत नाही, ही तक्रार सर्वांत देखणी. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठल्या ना कुठल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर अडून थांबतं, म्हणजे फ्लायव्हीलच्या समोरासमोरच्या त्याच दोन जागांवर. पिनियनचा मार वर्षानुवर्षं तिथल्याच दातांना. म्हणून गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टर जरा पुढेमागे ढकलला की सेल्फ लगेच उचलतो. शेतकऱ्यांना हा तोडगा पाठ असतो. मिस्त्री त्यावरून रिंग झिजल्याचं निदान करतो.

एवढं झाल्यावर सेल्फ उतरवायचा, तोही बॅटरीची अर्थची केबल आधी सोडून. आत पाहायला थोडंच उरतं: कार्बन किती उरलेत, त्यांच्या स्प्रिंगांत दम आहे का. कम्युटेटरवर चॉकलेटी झाक असेल तर ती घासायची नाही. ती निरोगी कांती आहे. आर्मेचरच्या अंगावर एका पट्ट्यात चकाकी दिसली, तर दोष आर्मेचरचा नाही, पितळी बुश झिजून ते पोलांना घासतंय. पाच-पन्नास रुपयांचा बुश बदलायचा सोडून आर्मेचर बाद ठरवणारे कमी नाहीत.

एका गोष्टीला मात्र दाद देऊ नका: जमिनीवर, मागच्या चाकापुढे उभं राहून सोलेनॉइडवर पेचकस आडवा लावून ट्रॅक्टर चालू करण्याला. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो त्या माणसाच्या अंगावरूनच पुढे जातो, आणि माणसं अशी मेली आहेत. न्यूट्रल, हँडब्रेक, आणि किल्ली फिरवायला सीटवर माणूस. यातलं काही नसेल तर मिस्त्री कितीही नावाजलेला असो, त्याला हात लावू देऊ नका.