लग्नपत्रिकेचा मायना

लग्नपत्रिका हा वाङ्मयप्रकार मानावा कीं नाहीं याविषयीं मतभेद असेल. परंतु आपल्या घरांतून सर्वांत काळजीपूर्वक तपासलें जाणारें छापील मराठी हेंच, यांत शंका नाहीं. कच्चा खर्डा चार वडीलधारीं माणसें वाचतात, मुहूर्त पंचांगाशीं पडताळतात, आणि नांवांचा क्रम लागेपर्यंत एखाद्या मामाचा रुसवाहि होऊन जातो.

जुन्या पत्रिकेचा मजकूर आम्हांस अजूनहि आवडतो. ‘श्रीकृपेंकरून’ पासून ‘करण्याचें योजिलें आहे’ पर्यंत एकच वाक्य. त्यांत कोणाची कितवी कन्या, कोणत्या गांवचें घराणें, कोणती तिथि, सारें बसून शेवटीं क्रियापद ठामपणें येतें. ‘शरीरसंबंध’ या शब्दाचा त्या वाक्याला संकोच नव्हता. तो पुढें लोकांना वाटूं लागला. अलीकडचीं यमकें व ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ हें बोबडें आर्जव यांविषयीं न बोललेलेंच बरें.

आमचा खरा आक्षेप मजकुराशीं नाहींच. तो उसना असतो. यजमान स्वतः लिहितो ती ओळ पाकिटावरची. पहिली पत्रिका गणपतीपुढें ठेवून, बाकीच्यांच्या कोपऱ्यांस हळदकुंकू लावून झालें कीं मंडळी पत्ते लिहावयास बसतात, आणि तेथें मनांतलें कागदावर उतरतें. आमच्या नात्यांतील एका घरीं वीस वर्षें ‘श्री. व सौ.’ अशा मायन्यानें पत्रिका येत. गृहस्थ वारले. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नाची पत्रिका आली ती चौदा वर्षांच्या मुलाच्या नांवें, ‘चि.’ लावून. त्याची आई शिक्षिका. घर तीच चालवी. तिनें पाकीट दोनदां उलटून पाहिलें आणि फडताळांत ठेवून दिलें. लिहिणाऱ्याला अपमान करावयाचा नव्हता, हें आम्ही जाणतों. नांवाआधीं काय लिहावें हें न सुचल्यामुळें त्यानें नांवच गाळलें.

अडचण खरी आहे. ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी; शब्द पवित्र, पण तो वाचतांच बाई मागें राहते व तिचें वैधव्य पुढें येतें. ‘श्रीमती’ वास्तविक निर्दोष. त्यालाहि आपण तोच अर्थ चिकटविला आहे. २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें या प्रथा ठरावानें बंद केल्या, आणि राज्य सरकारनें तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढें ठेवला. गंमत अशी कीं, पुढच्याच वर्षीं विधवांना ‘गंगाभागीरथी’ म्हणावें काय, अशी चर्चा सरकारांतूनच निघाली व तिला बराच विरोध झाला.

मोबाईलवरच्या पत्रिकेला पाकीटच नसतें, तेव्हां प्रश्न मिटला, असें कोणी म्हणेल. पण तीहि कोणाच्या तरी क्रमांकावर जाते. त्या घरीं ती अजून मुलाच्याच क्रमांकावर येते.

जुन्या पत्रांत नांवापुढें ‘यांस’ लिहिण्याची रीत होती. बाईचें नांव, आडनांव, ‘यांस’. आधीं कांहींच नको. गेल्या वैशाखांत आमच्या घरच्या कार्याचीं सारीं पाकिटें आम्हीं अशींच लिहिलीं, पुरुषांचींसुद्धां, आणि त्या बाईंचें पाकीट अक्षतांसह स्वतः नेऊन दिलें. ‘हें फार कोरडें दिसतें’ असा अभिप्राय आमच्या वडील मंडळींपैकीं एकांनीं दिला. दिसत असेलहि.