‘प्रायश्चित्त’ आणि क्षमा : रेव्हरंड टिळकांच्या काव्यातील एक प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची ख्रिस्तभक्ती तुकोबांच्या वळणाची आहे, एवढ्या निर्वाळ्यावर टीकाकार बहुधा थांबतात. निर्वाळा खोटा नाही. परंतु पापक्षमेची ख्रिस्ती कल्पना मराठीत येताना कोणत्या शब्दापाशी अडखळते, हे त्याने झाकले जाते.

तो शब्द ‘प्रायश्चित्त’. धर्मशास्त्रातील प्रायश्चित्त दोषी माणसाने स्वतः करावयाचे असते. त्याला विधी आहे, मोजमाप आहे, आणि ते पार पडले की पंक्तिपावनता परत मिळते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाने न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांवरही तो प्रसंग आणला. हाच शब्द ख्रिस्ताच्या मरणाला लावताच अर्थ उलटा झाला : दोष एकाचा, प्रायश्चित्त दुसऱ्याचे, आणि दोषी माणसाकडे उरतो तो केवळ विश्वास. १८८८ च्या ‘अरुणोदया’त बाबा पदमनजींनी आपल्या धर्मांतराची हकीकत सांगितली, तिच्यात शंका आणि वादविवाद यांना मोठी जागा आहे. टिळकांनी वाद बाजूला ठेवला. ‘अभंगांजली’त न्यायासनापेक्षा माउली मोठी आहे, आणि माउलीपुढे हिशेब मांडायचा नसतो. काव्याच्या दृष्टीने हा लाभच. मात्र त्यामुळे अपराधाला नाव राहत नाही आणि भारही राहत नाही. क्षमा मिळाल्याचा आनंद वाचकाला जाणवतो. क्षमा कशाची, हे जाणवत नाही.

ते जाणवते लक्ष्मीबाईंच्या गद्यात. पतीच्या धर्मांतराने त्यांच्या वाट्याला काही वर्षांचा दुरावा आला. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त ते सारे सोसणे तपशिलाने येते, आणि विनोद त्याला सोडीत नाही. टिळकांना ज्या गिरिप्रवचनाने प्रथम ओढून घेतले, त्यातच वेदीवर अर्पण ठेवण्यापूर्वी दुखावलेल्या भावाशी समेट करण्याची आज्ञा आहे. देवाघरची क्षमा विश्वासाने मिळते. घरातल्या माणसाची तशी मिळत नाही. अभंगांचे विवेचन करताना ‘स्मृतिचित्रे’ निव्वळ चरित्रसाधन म्हणून चाळली जातात. पापक्षमेच्या प्रश्नाची जी बाजू अभंगांनी गाइली नाही, ती या गद्यात बोलते; तेव्हा दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत.