‘क्लोज’ म्हणजे नक्की किती जवळ?

आज आम्ही निवडलेला शब्द इंग्रजी आहे, पण कॉलेजातल्या पोरांपासून साखर कारखान्याच्या चेअरमनपर्यंत तो सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘क्लोज’. “ती माझी क्लोज फ्रेंड आहे.” “तो साहेबांना फार क्लोज आहे.” आणि त्याच दमात, “ती फाईल क्लोज करून टाका.” इंग्रजीत जवळचा ‘क्लोज’ आणि बंद करायचा ‘क्लोज’ यांचे उच्चार वेगळे आहेत, पहिल्याचा शेवट ‘स’कडे झुकतो, दुसऱ्याचा ‘झ’कडे. आपण दोन्ही ‘ज’वर आणून टेकवले. देवनागरीत लिहिले तर जवळ असणं आणि बंद होणं यांत कान्यामात्रेचाही फरक उरत नाही.

यावर भाषा बुडाल्याची हाकाटी आम्ही करणार नाही. ती करायला माणसं पुष्कळ आहेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. जवळिकीच्या शब्दांचं मराठीत एवढं भरलेलं घर असताना या पाहुण्याला बसायला जागा मिळाली कुठं? ती जागा सातारा-सांगलीच्या लेखकांत शोधू. आता हे दोन जिल्हेच घ्या. 1949 साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. एकाच घरातून वाटणी होऊन निघालेले हे दोघे. शिवाय वरती कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात त्या जागेला आपण नाव दिलंय प्रीतिसंगम! नद्यांच्या जवळिकीबद्दल आपण उदार असतो. माणसांच्या बाबतीत हिशेब ठेवतो.

तो हिशेब शब्दांत दिसतो. घरोबा दोन घरांचा असतो, दोन माणसांचा नसतो. सलगी बहुधा खालच्याने वरच्याशी करायची असते, आणि वरच्याला ती खपली नाही तर तिची लगट होते. लळा लहानाला लागतो, गुरावासराला लागतो. जिव्हाळा सर्वांत खोल. नखाखालचं जे हुळहुळं मांस असतं त्याला आपण जिव्हाळी म्हणतो, तिथं नुसता काटा टोचला तरी ब्रह्मांड आठवतं. आणि क्रियापद पाहा. कुणीही भेटला की आपण विचारतो, “तुम्ही त्यांचे कोण लागता?” ठेच लागते, ऊन लागतं, तसा माणूसही माणसाला ‘लागतो’. लगत, लगट, लग्न ही सगळी त्याच चिकटण्याच्या धातूची पोरं. थोडक्यात, आपल्याकडे जवळ असणं ही मनाची अवस्था कमी आणि एखाद्या जागी लागलेलं असणं जास्त. कोण, कुणाचा, कुठल्या बाजूने, हे सांगितल्याशिवाय मराठीत जवळ येता येत नाही.

या हिशेबाची सर्वांत कडू बाजू एका शब्दात साठली आहे, भाऊबंदकी. भाऊबंद असण्याचा जो भाव, त्याचं नाम. शब्दाप्रमाणे अर्थ बंधुत्व व्हायला हवा होता. झाला भांडण! याच नावाचं नाटक 1909 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी लिहिलं, तेही सांगलीत जन्मलेले. नारायणराव पेशव्यांचा खून आणि राघोबादादांचा त्यातला हात हा त्याचा विषय. त्याकडे राजकीय नाटक म्हणून पाहिलं जातं, ते योग्यच आहे. पण आमच्या शेतकऱ्याला त्यासाठी शनिवारवाड्यात जावं लागत नाही. बांधाला बांध लागून असलेला सख्खा चुलता रात्रीत नांगराचं एक तास बांधात घालतो, आणि पुढच्या दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. परक्याचं एवढं मनाला लागत नाही. लागायला तो आधी कुणीतरी ‘लागावा’ लागतो.

दुसरे गोविंद बल्लाळ देवल. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे. त्यांचं ‘संशयकल्लोळ’ आपण हसत हसत पाहतो. मूळ फ्रेंच मोलियेरचं, तिथून इंग्रजीत मर्फीने घेतलेलं आणि तिथून देवलांनी 1893 साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ म्हणून मराठीत आणलेलं. त्याचं संगीत नाटक होऊन रंगभूमीवर आलं 1916 साली, देवल गेले त्याच वर्षी. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते कृत्तिका पाहते. तिथं पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिका हातात घेते, ते फाल्गुनराव पाहतो. झालं. पडणाऱ्या माणसाला आधार देणं आणि पडलेली वस्तू उचलणं, एवढ्यावर आख्खं नाटक उभं आहे. टीकाकार संशयी स्वभावाबद्दल बोलतात. आम्हाला वाटतं, दोष नुसता स्वभावाचा नाही, पाहणाऱ्याच्या शब्दसंग्रहाचाही आहे. नवराबायको नसलेले स्त्रीपुरुष हातभर अंतरावर दिसले तर त्या दृश्याला त्यांच्याजवळ एकच नाव होतं.

हसणं संपतं ते ‘बनगरवाडी’त. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955ची. माडगूळ आज सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यात, तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात, आणि औंध गाव आज सातारा जिल्ह्यात. धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. सुरुवातीला त्याला कुणी विचारत नाही. हळूहळू वाडी त्याला आपला करते. कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, पोरं शाळेत येतात, तालीम बांधायचं ठरतं. आता हे आपलेपण कोणत्या प्रकारचं? मास्तर वाडीचा कुणीच लागत नाही. जात वेगळी, गाव वेगळं. लोक त्याच्याकडून कागद वाचून घेतात, भांडणं मिटवून घेतात, आणि या कामांतून एक नातं तयार होतं ज्याला वाडीजवळ नाव नाही. मास्तर म्हणजे मास्तर.

नाव नसल्याचं काय होतं, ते अंजीच्या प्रसंगात कळतं. कारभाऱ्याची ही पोर मास्तरला एक चोळी शिवून आणायला सांगते. साधं काम. मास्तर बाजाराच्या गावी जातोच आहे. पण गोष्ट वाडीत फिरते आणि कारभाऱ्याचं मन फिरतं. इथं माडगूळकरांची थोरवी ही, की मास्तरच्या मनात काय होतं याचा पंचनामा ते करत बसत नाहीत. तो निष्पाप होता हे ठासून सांगितलं असतं तर कादंबरी उथळ झाली असती, आणि चोरटं प्रेम रंगवलं असतं तर स्वस्त. अंजी आणि मास्तर यांच्यात जे काही थोडंसं असेल ते बहिणीभावाचं नव्हतं, प्रेमिकांचंही नव्हतं, आणि वाडीच्या बोलीत या दोहोंच्या मधे उभं राहायला पाऊलभर जागा नव्हती.

‘क्लोज’ला आपल्या घरात जागा मिळाली ती नेमकी इथं. आमच्याकडे व्याख्यानाला येणाऱ्या मुली सांगतात, घरी एखाद्या मित्राबद्दल बोलायचं तर ‘जवळचा’ म्हणताना जीभ अडते. ‘जवळीक’ तर विचारूच नका. ‘ओळखीचा फायदा घेऊन जवळीक साधली’ या बातमीतल्या ठरीव वाक्याने तो शब्द पोलीस ठाण्यात नेऊन बसवलाय. ‘मानलेला भाऊ’ म्हटलं की सुटका होते, पण खोटं बोलावं लागतं. मग ‘क्लोज’. घरोब्याला घराची परवानगी लागते, सोयरिकीला भावकीची, ‘क्लोज’ला कुणाचीच नाही. तो अर्थ धूसर ठेवतो, आणि तो धूसरपणा हेच त्याचं काम आहे. अंजीला हा शब्द मिळता तर कारभारी ऐकता असं आम्ही म्हणत नाही. पण तिला तो निदान स्वतःशी म्हणता आला असता.

एवढं कौतुक केल्यावर आमचं भांडणही सांगतो. हाच धूसर शब्द समीक्षेत घुसला की घात होतो. ‘लेखक मातीशी क्लोज आहे’, ‘ग्रामजीवनाचं इंटिमेट चित्रण’ असं हल्ली सर्रास लिहितात. कुठल्या मातीशी? कोणत्या बाजूने लागून? ‘बनगरवाडी’च्या 1958च्या इंग्रजी भाषांतराला राम देशमुखांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो, गावाला भिंती नव्हत्या. धनगरांच्या त्या लहानशा वस्तीपुरतं ते चालेल, नाव सुंदरही आहे. पण त्याच आटपाडीचे शंकरराव खरात. 1981 साली त्यांचं ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र आलं. वडिलांकडे तराळकी. तराळ म्हणजे गावाचं बोलावणं, दवंडी, सरकारी निरोप, मेल्याची खबर, सगळं ज्याच्या पायांनी चालतं तो माणूस. गावातलं एकही घर त्याला अनोळखी नाही. कोण आजारी, कोणाकडे पाहुणा आला, कोणाची म्हैस मेली, हे त्याला पाटलाच्या आधी कळणार. जवळ असण्याचा अर्थ माहिती असणं, उपयोगी असणं, रोज दारात असणं हा असेल तर गावाला तराळाइतकं जवळचं कुणीच नव्हतं. आणि तो राहायचा गावकुसाबाहेर. दारात यायचं, उंबऱ्याच्या आत नाही. भाकर वाढली जायची, ती वरून टाकून.

याला ‘क्लोज’ म्हणणार का? मराठीतल्या जुन्या शब्दांनाही हे नातं पेलत नाही. घरोबा नाही, सलगी करायची सोय नाही, जिव्हाळ्याचं नाव काढू नका. ‘आपला तराळ’ असं मात्र गाव सहज म्हणायचं. त्या ‘आपला’ शब्दात मालकी किती आणि माया किती, हे खरातांच्या पानापानांवर तपासून पाहण्यासारखं आहे. माडगूळकर आणि खरात एका तालुक्यातले. दोघांनाही ‘गावाचं जवळून चित्रण करणारे’ हे एकच विशेषण लावलं जातं. एकाने गाव मास्तरच्या खोलीतून पाहिलं, दुसऱ्याने वेशीबाहेरून. पुढच्या खेपेला ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, आणि ‘जवळून’ हा शब्द प्रत्येक वेळी पेन्सिलीने खोडून तिथं दुसरा कोणता बसतो ते पाहा. आम्हाला अजून एकच शब्द दोन्हीकडे बसलेला दिसला नाही.