‘कमी घातक’ म्हणजे कशापेक्षा?

लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलात की पहिला मोह होतो तो अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य उचलण्याचा. तंबाखू न जाळता नुसती तापवणाऱ्या आयकॉससारख्या उपकरणांवर वाचत असाल, तर हा मोह फारच महागात पडतो.

सिगारेटचं टोक ओढताना ९०० अंशांच्या आसपास जातं. या उपकरणात तंबाखू साधारण ३५० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनातून तयार होणारी बरीच विषारी द्रव्यं कमी निघतात. हे खरंच आहे, नाकारायचं कारण नाही. घोळ पुढच्या वाक्यात आहे.

जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कंपनीला ‘घातक द्रव्यांशी संपर्क कमी होतो’ असं म्हणायला परवानगी दिली. ‘आजाराचा धोका कमी होतो’ असं म्हणायला मात्र दिली नाही. दोन्ही एकच वाटतं ना? मग २०१८ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला हॅकशॉ आणि सहकाऱ्यांचा पेपर काढा. रोज २० सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा! संपर्क आणि धोका सरळ रेषेत चालत नाहीत.

आता २०२२ चा कॉक्रेन रिव्ह्यू. त्यात १३ अभ्यास, पैकी ११ यादृच्छिक चाचण्या, आणि त्या अकराही तंबाखू कंपन्यांच्या पैशावर. ‘पैसा कंपनीचा म्हणून आकडे खोटे’ ही आळशी टीका झाली; ती करू नका. काय मोजलंच नाही, ते विचारा. सिगारेट सुटली का, हे एकाही चाचणीने मोजलं नाही. पाठपुराव्याचा मध्यक १३ आठवडे. कॅन्सरला दशकं लागतात. आणखी एक गोष्ट : काही चाचण्यांत सिगारेट पूर्ण बंद केलेला गटही होता. त्याच्याशी तुलना केली तर उपकरणवाल्यांच्या शरीरात घातक द्रव्यं जास्तच दिसतात, जरी हा पुरावा तितका भक्कम नाही. हा रकाना जाहिरातीत कशाला येईल?

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ही उपकरणं ई-सिगारेटसोबतच बंद झाली. पण समजा उद्या बंदी उठली, तरी जठारपेठेतल्या पानठेल्यावरच्या गिऱ्हाइकाला हा पुरावा कितपत लागू पडतो? २०१६-१७ च्या गॅट्स पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. जो दिवसभर खर्रा चघळतो त्याला ‘जाळण्यापेक्षा तापवणं बरं’ सांगून काय मिळणार? त्याच्या तंबाखूत धूर होताच कुठे?

तेव्हा वऱ्हाडात बसून या विषयावर सिनॉप्सिस लिहीत असाल, तर तुलनेचा गट सिगारेटवाल्यांचाच का, हे मेथडॉलॉजीत आधीच लिहून ठेवा. आरआरसीत पहिला प्रश्न तोच येईल.