द्वारा ५६ एपीओ

फराळाच्या डब्याचंही रसग्रहण करता येतं. दरवर्षी दिवाळीआधी सातारा-सांगलीकडच्या शाळा, महिला बचत गट, गणेश मंडळं आणि माजी सैनिकांच्या संघटना घरोघरचा फराळ गोळा करून सीमेवर धाडतात. तो डबा पत्त्यापासून वाचायला घ्यावा. जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 'द्वारा ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. गाव नाही, जिल्हा नाही. पिनकोडचा पहिला आकडा ९. पहिले आठ आकडे मुलकी विभागांचे, हा फौजेचा. ढोबळमानाने ५६ म्हणजे उत्तर-पश्चिम, ९९ म्हणजे ईशान्य. लाडू वळणाऱ्या बाईला यापलीकडे काही कळत नाही. डबा नेमका कुठल्या चौकीवर उघडणार, हे लष्करी टपाल खातं जाणे. इतका कोरडा पत्ता आणि आत इतका तुपकट मजकूर!

आता मजकूर. ओल्या नारळाची करंजी इथे बाद. ती वाटेतच आंबते. चकली चवीला पहिली, पण पोचेपर्यंत तिचे तुकडे होतात. अनारसा तर हात लावताच भुगा. बेसनाचा लाडू मात्र टिकतो. थंडीत तूप गोठून तो दगड झाला तर शेगडीजवळ ठेवला की माणसात येतो. साताऱ्याचा कंदी पेढा खमंग भाजलेल्या खव्याचा, म्हणून साध्या पेढ्यापेक्षा चार दिवस जास्त तग धरतो. तरी आठवड्यांच्या प्रवासाला मी तो देणार नाही. खरा फौजी पदार्थ सांगलीचा: भडंग. वजनाला हलकं, लसणाचा झणका, शेंगदाण्यांचा आधार, आणि मूठमूठ वाटलं तरी अख्ख्या सेक्शनला पुरतं. सादळू नये एवढीच त्याची अट. सोबत तासगावचा बेदाणा असला की झालं. त्याला ना तेल, ना तूप, ना नासण्याची भीती.

पूर्वी डबा पत्र्याचा असे. त्याला मांजरपाटाचं कापड दाभणाने शिवून वर लाखेचं सील मारत. आता पुठ्ठ्याचं खोकं आणि चिकटपट्टी. शिवणीतला जीव त्यात नाही, पण माल कोरडा राहतो.

डब्यातली पोरांची पत्रं मी सगळ्यात आवडीने वाचतो. बहुतेकांची सुरुवात बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली असते: तुम्ही आहात म्हणून आम्ही सुखाने झोपतो, वगैरे. ते वाक्य ओलांडावं. खाली पोराने स्वतःच्या मनाने काही घातलेलं असतं: पाऊस लांबला, सोयाबीन रानातच आहे, आमची म्हैस व्याली. शेतकऱ्याच्या घरातून भरती झालेल्या जवानाला खरी दिवाळी त्या ओळीत भेटते.

या मुलखाचं फौजेशी नातं नवं नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली; गावाच्या नावाला 'मिलिटरी' कायमचं चिकटलं. १९६२ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर, २० ऑक्टोबरला चीनचं आक्रमण झालं. लोकांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीत दिलं, बायका लोकरीचे कपडे विणायला बसल्या. महिनाभरात संरक्षण खातं ज्यांच्याकडे आलं ते यशवंतराव चव्हाण मूळचे देवराष्ट्र्याचे. ते जन्मले तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे.

रसभंग एकाच गोष्टीने होतो. हल्ली काही खोक्यांवर पाठवणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो पत्त्यापेक्षा मोठा असतो. झाकणावर हसरा चेहरा आणि आत बाजारातून घाऊक आणलेला चिवडा, असा डबा मी नापास करीन. चकली मोडलेली चालेल. ती कुणाच्या तरी कढईतली हवी.

यंदा पाठवणार असाल तर दसऱ्याच्या आत टपालात टाका, भडंग हवाबंद पिशवीत भरा आणि पत्रात पाऊसपाण्याची बातमी जरूर लिहा.